कोरड्या ढासेवरची औषधं: अकरा दिवस घेऊन बघितल्यावर

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. हॉल भरलेला, मंगलाष्टकं शेवटाला आलेली, आणि माझ्या घशात ते सुरू झालं. आधी बारीक खवखव, मग आतनं कोणीतरी कापसाची वात फिरवतंय असं. दाबून धरलं, डोळ्यातनं पाणी यायला लागलं, बायकोनं पदराखालनं लवंग दिली, आणि बरोबर "सावधान" म्हणायच्या जागी मी असा काही खोकलो की पुढच्या रांगेतल्या आजीबाई अक्षता हातात तशाच धरून मागं वळून बघायला लागल्या. व्हिडिओत पण आलंय ते, मेहुण्यानं ग्रुपवर टाकलं.

तर त्या ढासेपायी मी अकरा दिवसांत जे जे घेतलं, आणि घरात ज्यांनी ज्यांनी जे घेतलंय, त्याचा हा हिशोब. मी डॉक्टर नाही, बेळगावात उद्यमबागला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, म्हणून हिशोबच म्हणतो. आणि हे सगळं मोठ्या माणसांच्या कोरड्या खोकल्याबद्दल आहे, पोरांना यातलं काही देऊ नका, त्याचं पुढं सांगतो.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हायरल येऊन गेला होता. दोन दिवस ताप, चार दिवस नाक, मग सगळं गेलं आणि ढास तेवढी राहिली. कफ नाही, छातीत घरघर नाही, नुसतं कोरडं. आमच्याकडं ह्या दिवसांत तसंही सगळे खोकतच असतात, सुगी चालू असते, भाताच्या मळणीचा भुस्सा उडतोय, वडगावात आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला माग चालू, कामावर गेलं की फाउंड्रीची धूळ, त्यात सकाळची थंडी. डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं की व्हायरस निघून गेला तरी श्वासनलिकेतल्या नसा हुळहुळ्या झालेल्या असतात, थंड हवा लागली, हसलं, फोनवर जरा जास्त बोललं की त्या लगेच बोंब मारतात, आणि बहुतेकांचं हे तीन आठवड्यांच्या आत आपोआप जातंच. म्हणजे खोकला दाबायचं कुठलंच औषध रोग बरा करत नाही, तो जाईपर्यंत आपल्याला झोपू देतं एवढंच त्याचं काम. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन बाटल्यांचे पैसे वाचले असते की.

पहिली बाटली मी गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलातनं घेतली. "खोकल्याचं द्या" म्हटलं, त्यानं मागं न बघता हात घातला आणि दिली. कोरडा की ओला हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, दोघांची चूक. दोन दिवस दहा-दहा एमएल घेतलं. ढास काडीची कमी नाही, उलट हात थरथरायला लागले. कामावर व्हाउचरवर सही करतोय तर सही माझी वाटेना, छातीत धडधड, मला वाटलं बीपी वाढलं, शेजारच्या टेबलावरचा म्हणतोय चहा कमी कर. रात्री चष्मा लावून बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन आणि लेव्होसाल्बुटामॉल. पहिली दोन कफ पातळ करून बाहेर काढायची, तिसरं श्वासनळ्या रुंद करायचं, दम्याच्या पंपात असतं त्याच घराण्यातलं, आणि हात थरथरणं, धडधडणं हे त्याचं नेहमीचंच आहे. ओल्या खोकल्याला, छाती घट्ट झालेल्याला ते ठीक असेल. माझ्याकडं काढायला कफच नव्हता. विहीर कोरडी आणि मोटर चालू, असला प्रकार.

तिथनं मला बाटलीचं तोंड न बघता पाठ बघायची सवय लागली. ब्रँडच्या नावावर अजिबात जाऊ नका, कारण एकाच नावाच्या मागं एलएस, डी, डीएक्स, प्लस अशी शेपटं असतात आणि शेपूट बदललं की आतलं औषधच बदलतं. बेनाड्रिलचंच बघा. आपल्या लहानपणापासूनचं जे साधं आहे त्यात डायफेनहायड्रामाइन, अमोनियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट असतं, आणि डीआर म्हणून जे मिळतं त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे खोकला दाबायचं औषध. दोन वेगळी औषधं, नाव एकच. घरातल्या कोणालातरी "बेनाड्रिल आण" म्हणून पाठवलं तर काय येईल सांगता येत नाही. म्हणून आता मी कागदावर सॉल्टचं, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं, नाव लिहून नेतो, मेडिकलवाले आधी तोंडाकडं बघतात, मग देतात.

दुसरी बाटली डेक्स्ट्रोमेथॉर्फनची, खरं एकटं नव्हे. सोबत क्लोरफेनिरामाइन, ज्याला सगळे सीपीएम म्हणतात, आणि फिनाइलेफ्रिन. आपल्याकडं कोरड्या खोकल्याचं म्हणून सगळ्यात जास्त हेच तिघांचं कडबोळं विकलं जातं. रात्री साडेनऊला घेतलं, दहाला जे आडवा झालो ते सकाळी बायकोनं हलवून उठवलं तेव्हा उठलो. पहिल्या रात्री मी ह्या बाटलीला दहापैकी दहा दिले असते. सकाळी उत्साहात अजून एक डोस मारला आणि गाडी काढली, चौथ्या रेल्वे गेटाला येऊन थांबलो, गाडी गेली, गेट उघडलं, आणि मी तसाच हँडलवर हात ठेवून बसलेला. मागनं हॉर्नवर हॉर्न. एक टेम्पोवाला बाजूनं जाताना कन्नडात काय म्हणाला ते लिहीत नाही. कामावर दिवसभर तोंड कोरडं आणि जीएसटीची एक एंट्री दोनदा मारली.

ती झोप डेक्स्ट्रोमेथॉर्फनची कमी आणि सीपीएमची जास्त. सीपीएम हे जुन्या पिढीतलं अॅलर्जीचं औषध, मेंदूपर्यंत जातं म्हणून गुंगी आणतं. नाक गळून घशात मागं उतरतंय आणि त्यानं खोकला येतोय असं असेल तर त्याचा उपयोग होतो, नुसत्या ढासेला विशेष नाही. गाडी चालवणाऱ्यानं, मशीनवर काम करणाऱ्यानं दिवसा ते घेऊच नये असं माझं मत झालंय, उद्यमबागेत प्रेसवर, लेथवर उभी राहणारी पोरं असली सिरपं पिऊन शिफ्टला येतात ते बघून आता भीती वाटते. रात्री एक घोट दारू घेणारे असतील त्यांनी तर दोन्ही एकत्र अजिबात नको. आणि घरातल्या म्हाताऱ्या पुरुषमंडळींना, ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांची लघवी ह्यानं अडकू शकते, काचबिंदूवाल्यांनाही हे चालत नाही. आमच्या दत्तू काकांना हे माहीतच नव्हतं, त्यांच्या उशाशी तीच बाटली होती.

फिनाइलेफ्रिनचं तर वेगळंच. नाक मोकळं करायला म्हणून ते घालतात. अमेरिकेत 2023 च्या सप्टेंबरात तिथल्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सांगून टाकलं की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकाला काही करत नाही, आणि 2024 मध्ये ते काढून टाकायचा प्रस्ताव पण आला. वर बीपीवाल्यांनी त्याला जपून राहायचं. म्हणजे माझं नाक मोकळंच होतं, मला बीपी काठावरचं आहे, आणि मी ढासेसाठी ते पीत होतो. एकावर दोन फुकट मिळाल्यासारखं वाटतं आपल्याला, तसं नसतंय ते.

मग मी एकट्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या मागं लागलो. सोपं नाही बघा. खडेबाजारात दोन मेडिकल, मारुती गल्लीत एक, प्रत्येक जण काउंटरवर मिश्रणच ठेवतो, "सर ह्यात तेच आहे आणि बाकीचं पण आहे" म्हणतो. बाकीचं नको म्हणूनच फिरतोय की बाबा. शेवटी टिळकवाडीत एका दुकानात एक बाई होत्या, फार्मसिस्ट असाव्यात, कारण त्यांनी पहिल्यांदा मला प्रश्न विचारले. कफ येतो का, दमा आहे का, किती दिवस झाले, आणि मन शांत राहायच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का. शेवटचा प्रश्न मला जरा आगाऊ वाटला. घरी येऊन वाचलं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन असल्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात डेक्स्ट्रोमेथॉर्फन गेलं तर सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन फार वाढून घाम, थरथर, घालमेल, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि एमएओआय नावाच्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्यांबरोबर तर ते चालतच नाही, त्या बंद केल्यावर पण दोन आठवडे थांबावं लागतं. असल्या गोळ्या घेणारे लोक चारचौघात सांगत नाहीत, त्यामुळं हे इथं लिहून ठेवतोय.

एकटं डेक्स्ट्रोमेथॉर्फन कसं? बरं आहे. चमत्कार नाही. अर्ध्या तासात खवखवीची धार कमी होते, चार-पाच तास बरे जातात, दिवसा गुंगी मला तरी नावापुरती आली, एकदा पोटात जरा मळमळ. मोठ्या माणसाला 10 ते 20 मिलिग्रॅम दर चार तासांनी, नाहीतर 30 मिलिग्रॅम सहा-आठ तासांनी, आणि चोवीस तासांत 120 च्या वर नाही, हा त्याचा सर्वसाधारण हिशोब. बाटलीवर पाच एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते बघून मगच टोपण भरा, कारण कुठं 10 असतं, कुठं 15, आणि 30 वाली पण असतात. आमच्या घरात माप टोपण हरवतंय आणि मग भाजीचा चमचा येतो, तसलं करू नका. अंदाजानं जास्त घेतलं की चक्कर, भ्रम, सगळं होतं, काही पोरं नशेसाठी मुद्दाम घेतात ते ह्याचमुळं. आणि काही माणसांच्या लिव्हरमध्ये हे औषध मोडणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं, त्यांना साधा डोस पण लांब टिकतो, म्हणजे एकाला काहीच होत नाही आणि दुसरा त्याच टोपणात दिवसभर तरंगतो ते खोटं नसतंय.

आठव्या दिवशी शेवटी डॉक्टरांकडं गेलो. बायको म्हणाली हे आधी केलं असतं तर, असू दे. आमचे डॉक्टर कन्नड आहेत, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात, खरं खोकल्याचं विचारताना तोंडातनं "ओण केम्मु?" असंच येतं, म्हणजे कोरडा खोकला. छाती तपासली, आवाज स्वच्छ आहे म्हणाले, अँटिबायोटिक लिहू का म्हणून मीच विचारलं तर हसले, व्हायरलनंतरच्या ढासेला अँटिबायोटिक कशाला. आणि लेव्होड्रोप्रोपिझिन लिहून दिलं.

हे नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले. ह्याचं काम वेगळ्या जागी चालतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूच्या खालच्या भागात जे खोकल्याचं केंद्र आहे तिथं जाऊन त्याला गप्प करतं. लेव्होड्रोप्रोपिझिन श्वासनळीतल्या त्या हुळहुळ्या नसांवरच काम करतं, वर निरोपच कमी जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर कारखान्याचा भोंगा सारखा वाजतोय, एक जण मेन ऑफिसात जाऊन स्विच बंद करतो आणि दुसरा जो खाली सारखं बटण दाबतोय त्याचाच हात धरतो. म्हणून गुंगी कमी. इटलीत 1997 साली 209 मोठ्या माणसांवर दोघांची तुलना केलेली, खोकला दोघांनी जवळपास सारखाच दाबला, गुंगी मात्र डेक्स्ट्रोमेथॉर्फनवाल्यांमध्ये दुपटीनं दिसली. माझा अनुभव त्याच अंगाचा आहे. दिवसातनं तीनदा 60 मिलिग्रॅम, मध्ये किमान सहा तास, आणि आठवड्याच्या वर ओढायचं नाही. गेटावर झोपलो नाही, एंट्र्या बरोबर. खवखव पूर्ण गेली असं नाही, खरं फोनवर पुरतं वाक्य बोलता यायला लागलं. गरोदर बायकांना आणि अंगावर पाजणाऱ्यांना हे नाही, आणि भरपूर कफ असेल तर तो आत अडकेल म्हणून तेव्हाही नाही.

खरं इथं पण तीच गोम. आपल्याकडं लेव्होड्रोप्रोपिझिनच्या बऱ्याच बाटल्यांत सीपीएम मिसळलेलं असतं. म्हणजे ज्या गुणासाठी हे घ्यायचं, गुंगी नको म्हणून, तोच गुण शेजाऱ्यानं घालवायचा. एकटं मागून घ्या, नसेल तर रात्रीपुरतं घ्या.

कोडीनचं विचारतील लोक, विशेषतः आमच्या वयाचे. कॉलेजात होतो तेव्हा कोरेक्स, फेन्सेडिल ही कोडीनच्या सिरपांची नावं खोकल्यापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी माहीत होती, पडक्या इमारतीमागं रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसायचा. कोडीन हे अफूच्या घराण्यातलं, अंगात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिनच होतो. खोकला दाबतं म्हणून त्याचं नाव मोठं, सर्दीनंतरच्या खोकल्यावर तपासून बघितलं तेव्हा मात्र साध्या गोड पाण्यापेक्षा फार वेगळं दिसलं नाही, बद्धकोष्ठ मात्र हमखास, आणि सवय लागते. 2016 च्या मार्चमध्ये केंद्रानं जी 344 मिश्रणं बंद केली त्यात हे आलं, मग कोर्टकचेऱ्या, आणि 2023 च्या जूनमध्ये 14 मिश्रणांवर परत बंदीचा आदेश निघाला, त्यात सीपीएम आणि कोडीनचं सिरप पण होतं. त्याचंच भावंड फोल्कोडीन, ते तर युरोपनं 2022 च्या डिसेंबरात बाजारातनं काढायला सांगितलं, कारण ते घेतलेल्या माणसाला पुढं ऑपरेशनच्या भुलीच्या वेळी स्नायू सैल करायची जी इंजेक्शनं देतात त्याची जीवघेणी अॅलर्जी येऊ शकते, तेही वर्षभरानं सुद्धा. खोकल्यासाठी एवढी उठाठेव कोणी सांगितलीय. माझ्याकडनं ह्या दोघांना शून्य.

नॉस्कापीन मात्र मी मनापासून विसरू शकत नाही कारण वडील तेच घ्यायचे, कॉस्कोपिन. हेही अफूच्याच झाडातलं, तरी नशा नाही, सवय नाही. वडील माग चालवायचे, सुताचा बारीक तंतू आयुष्यभर छातीत गेला, संध्याकाळी ती बाटली आणि खडीसाखर. मी ह्यावेळी घेऊन बघितलं नाही त्यामुळं मार्क देत नाही. बेन्झोनाटेट म्हणून एक कॅप्सूल आहे, अमेरिकेतला भाचा सांगत होता त्याला तिकडं तीच दिली. दातांच्या डॉक्टरकडं हिरडी बधिर करतात त्या जातीचं औषध, म्हणून ती चावायची नाही, चघळायची नाही, अख्खी गिळायची, नाहीतर तोंड-घसा बधिर होऊन ठसका लागतो. घरात लहान पोरं असतील तर आणूच नये, दिसायला गोळ्या-चॉकलेटसारखी आणि पोरांच्या जिवावर बेतलेलं आहे.

आता मध. हसू नका. आईनं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं आणि मी पहिल्या दिवसापासून ऐकलं नाही. खानापूरकडचा जंगलातला मध घरात होता, ज्येष्ठमधाची काडी होती, आल्याचा रस होता. झोपताना एक मोठा चमचा मध कोमट पाण्यात, घोट घोट, आणि ज्येष्ठमध गालात धरून. प्रामाणिकपणे सांगायचं तर रात्रीच्या पहिल्या दोन तासांसाठी हे डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या जवळ जातं. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य संस्थेनं 2019 ला खोकल्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मध पहिल्या काही उपायांत आहे, आईला सांगितलं तर म्हणाली त्यांना आता कळलं होय. एक वर्षाखालच्या बाळाला मध नाही, शुगरवाल्यांनी मोजून, बाकी ह्याला दोष सापडत नाही. फक्त ज्येष्ठमध रोज महिनोन्महिने चघळणाऱ्यांनी बीपी बघत राहा, त्यानं वाढतं. शुगरवरनं आठवलं, बऱ्याच सिरपात साखर ठासून असते, आमच्या हिला डायबेटिस आहे म्हणून तिला शुगर-फ्री बघून आणावी लागते.

आणि हे पण सांगतो, सगळी सिरपं चांगली का वाटतात त्याचं एक कारण तो गोड चिकट घोटच आहे. 2014 साली दुकानात मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांवरचे 29 प्रयोग एकत्र करून बघितले, मोठ्यांचे 19 आणि पोरांचे 10, आणि निष्कर्ष काय तर औषधांच्या बाजूनं पण पुरेसा पुरावा नाही आणि विरुद्ध पण नाही. एवढी जाहिरात, एवढ्या बाटल्या, आणि शेवटी "सांगता येत नाही". मला डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा गुण आला म्हणतोय तो गुण त्याचा, मधाचा, की नवव्या-दहाव्या दिवशी ढास तशीही जाणारच होती त्याचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तरी परत झाली तर काय घेईन म्हणाल तर मध आणि ज्येष्ठमध आधी, रात्र फारच वाईट गेली तर एकटं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दिवसा बोलायचं काम असेल तर डॉक्टरांना विचारून एकटं लेव्होड्रोप्रोपिझिन. सीपीएमवालं फक्त नाक गळत असेल तर आणि फक्त रात्री. पैशाचं म्हणाल तर मी तीन बाटल्यांत चारशेच्या आसपास घातले, जनऔषधी केंद्रात सॉल्टचं नाव सांगून मागितलं तर बरंच कमी पडतं, मिळेल ते नशीब.

उरलेल्या बाटल्या बायकोनं वरच्या कप्प्यात कुलपात टाकल्यात. 2025 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याच्या सिरपानं लहान पोरं गेली ती बातमी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली, त्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल म्हणजे कारखान्यात वापरायचं विषारी द्रावण निघालं, 48.6 टक्के. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं की दोन वर्षांखालच्यांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली पण शक्यतो नकोत. मोठ्यांची उरलेली बाटली "अर्धा चमचा पोराला" हे आमच्याकडं सर्रास चालतं, ते बंद करा बाबांनो.

शेवटचं अक्काचं. माझी थोरली बहीण निपाणीला असते, तिला सप्टेंबरपासून अशीच कोरडी ढास, फोन लावला की दोन मिनिटांत खोकून ठेवून द्यायची. तिनं माझ्या तिप्पट सिरपं प्यायली, दोन्ही जातीची, काढे झाले, तंबाखूच्या वखारीजवळ घर आहे म्हणून महिनाभर धाकटीकडं जाऊन राहिली. काही नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती पण केली, निघाला नाही. माझ्या डॉक्टरांना मी सहज तिचं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, बीपीची गोळी कुठली. फोन करून स्ट्रिपवरचं नाव वाचून घेतलं. रॅमिप्रिल. ऑगस्टमध्ये चालू केलेली. शेवटी "प्रिल" येणाऱ्या ह्या गोळ्यांनी, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, अंगात ब्रॅडिकायनिन नावाचं काहीतरी साठतं आणि बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त, आणि त्यावर जगातलं कुठलंच कफ सिरप चालत नाही. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही म्हणून बजावलं, तिच्या डॉक्टरांनी बदलून टेल्मिसार्टन दिली, लगेच जाणार नाही, एक ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतील म्हणाले.

तीन आठवडे लागले. परवा फोन आला, पाऊण तास बोलली, एकदा पण खोकली नाही. मी म्हटलं बघ अक्का, गोळीच होती की. तर म्हणते कसली गोळी, शेजारच्या मावशींनी विड्याच्या पानाचा रस आणि मध दिला होता पंधरा दिवस, त्यानं गेला.